पायथनमधील व्हेरिएबल आणि युजर इनपुट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न पायथन ३ नव्याने शिकणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत पडतात, आणि त्यांतील बरेचसे एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात: कीबोर्डवरून आलेली कोणतीही गोष्ट पायथनला मजकूर म्हणूनच मिळते, तिचे संख्येत रूपांतर करायचे की नाही हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते. उदाहरणे बहुतेक दूध संकलन केंद्रावरील हिशेबाची घेतली आहेत, कारण त्यात अपूर्णांक, पैसे आणि माणसाने हाताने भरलेली माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

एक सूचना आधीच द्यायला हवी. प्रिंट, इनपुट, इंट, फ्लोट, इफ हे पायथनचे स्वतःचे शब्द येथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावेत. ट्रू, व्हॅल्यूएरर यांसारख्या नावांतील प्रत्येक इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मात्र मोठे असते. कोडमधील अंकही इंग्रजीच टाइप करावेत.

व्हेरिएबल म्हणजे नेमके काय, आणि बरोबरचे चिन्ह तेथे काय करते?

व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममधील एखाद्या मूल्याला दिलेले नाव. दर = ३८ ही ओळ चालली की दर हे नाव ३८ या संख्येला जोडले जाते, आणि त्यानंतर कोडमध्ये दर असे लिहिले की पायथन ती संख्या आणून देतो. व्हेरिएबल म्हणजे डबा आणि मूल्य म्हणजे आतले धान्य ही उपमा वर्गात सर्रास दिली जाते आणि सी भाषेपुरती ती बरीच जुळतेही. पायथनमध्ये एकाच मूल्याला दोन नावे असू शकतात, म्हणून डब्यापेक्षा त्यावर चिकटवलेली नावाची चिठ्ठी डोळ्यांसमोर ठेवलेली बरी.

बरोबरचे चिन्ह दोन बाजू समान असल्याचे सांगत नाही. पायथन आधी उजव्या बाजूची किंमत काढतो आणि मग डावीकडील नाव त्या किमतीला जोडतो, म्हणूनच एकूण = एकूण + ८ ही गणितात अशक्य असलेली ओळ येथे अगदी रोजची आहे. समानता तपासायची असेल तेव्हा बरोबरची दोन चिन्हे जोडून लिहावी लागतात.

एक्सेल वापरण्याची सवय असलेल्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. रक्कम = लिटर * दर असे लिहिल्यावर पुढे दर ३८ वरून ४० केला, तरी रक्कम आपोआप बदलत नाही, कारण पायथनने सूत्र लक्षात ठेवलेले नसते; त्या क्षणी आलेले उत्तर तेवढे ठेवलेले असते. नवी रक्कम हवी असेल तर गुणाकाराची ओळ पुन्हा चालवावी लागते.

व्हेरिएबलला मराठी नाव देता येते का?

देता येते. पायथन ३ मध्ये इंग्रजीबाहेरच्या लिपींतील नावांना परवानगी आहे आणि तो निर्णय पेप ३१३१ या प्रस्तावाने झाला. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरे सगळे चालते. नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही, मध्ये जागा सोडता येत नाही आणि दोन शब्द जोडायचे असल्यास अधोरेषा वापरावी लागते, हे नेहमीचे नियम अर्थातच लागू राहतात.

मराठीत लिहिताना दोन अडचणी येतात. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची: दूध आणि दुध ही पायथनच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत, त्यामुळे वर एक उकार आणि खाली दुसरा लिहिला की नेमएरर (हे नाव माहीत नाही, असा एरर) येतो आणि शिकणारा माणूस अर्धा तास स्क्रीनकडे पाहत बसतो. दुसरी अडचण दिसतही नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्या हे अक्षर काही कीबोर्डवर न दिसणारे एक जोडचिन्ह मध्ये घालून तयार होते. अवतरणचिन्हांतील मजकुरात ते चिन्ह चालते, पण व्हेरिएबलच्या नावात ते आले तर सिंटॅक्सएरर (लिहिण्याचा नियम मोडल्याचा एरर) मिळतो. असे शब्द नावांत टाळलेले बरे.

शिकण्यासाठी मराठी नावे उत्तम, असे माझे मत आहे, कारण कोणते शब्द पायथनचे आणि कोणते आपण ठेवलेले हे पहिल्याच नजरेत कळते. नोकरीच्या ठिकाणी मात्र कोड इतरांनाही वाचायचा असल्यामुळे रोमन लिपीतील नावेच अपेक्षित असतात.

'स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) कॉल करता येत नाही' अशा अर्थाचा टाइपएरर अचानक येऊ लागला. का?

बहुधा वर कोठेतरी इनपुट = इनपुट("नाव लिहा: ") अशी ओळ लिहिली गेली असेल. इफ, व्हाइल, फॉर यांसारखे राखीव शब्द नाव म्हणून वापरले तर पायथन लगेच अडवतो. इनपुट, प्रिंट, सम, लिस्ट हे शब्द मात्र राखीव नाहीत, ती नुसती आधीपासून दिलेली नावे आहेत आणि ती आपल्याला दुसऱ्या मूल्याला जोडता येतात. वरील ओळ पहिल्यांदा बिनतक्रार चालते. त्यानंतर इनपुट हे नाव टाइप केलेल्या मजकुराकडे बोट दाखवू लागते, आणि दुसऱ्यांदा इनपुट(...) लिहिले की पायथन मजकुरालाच फंक्शन (नावाने बोलावून करून घेता येणारे काम) समजून चालवू पाहतो. व्हेरिएबलचे नाव बदलावे आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करावा.

इनपुट नेमके काय करते? रन केल्यावर प्रोग्राम अडकल्यासारखा का वाटतो?

इनपुट कंसातील मजकूर स्क्रीनवर दाखवते, प्रोग्राम तेथेच थांबवते, आणि युजरने एंटर दाबेपर्यंत जे टाइप केले असेल ते स्ट्रिंग म्हणून परत देते. एंटरचे चिन्ह त्यात धरलेले नसते. कंस रिकामा ठेवला तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि प्रोग्राम बंद पडला असे वाटते, प्रत्यक्षात तो उत्तराची वाट पाहत असतो. म्हणून काय लिहायचे आणि कोणत्या एककात, हे प्रश्नातच सांगावे, आणि प्रश्नाच्या शेवटी अवतरणचिन्हाच्या आत एक जागा सोडावी, म्हणजे उत्तर प्रश्नाला चिकटून उमटत नाही. काही एडिटरच्या आउटपुट खिडकीत टाइपच करता येत नाही. तेथे प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालवावा.

दोन संख्यांची बेरीज चुकीची का येते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. पुढील प्रोग्राम पाहा:

सकाळ = इनपुट("सकाळचे दूध (लिटर): ")
संध्याकाळ = इनपुट("संध्याकाळचे दूध (लिटर): ")
प्रिंट(सकाळ + संध्याकाळ)

सकाळी १२.५ आणि संध्याकाळी ८ असे भरले तर उत्तर २०.५ यायला हवे, पण स्क्रीनवर १२.५८ दिसते. दोन्ही व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग आहेत, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचे चिन्ह आले की पायथन त्या एकापुढे एक जोडतो. १० आणि २० भरले असते तर १०२० दिसले असते आणि चूक लगेच लक्षात आली असती, १२.५८ मात्र खऱ्या संख्येसारखे दिसते, आणि म्हणूनच ही चूक धोकादायक आहे. कोणी पुढे जाऊन या जोडलेल्या मजकुराचे संख्येत रूपांतर केले आणि ३८ रुपये दराने गुणले, तर ४७८ रुपये ४ पैसे येतात. खरी रक्कम ७७९ रुपये. शेतकऱ्याचे ३०० रुपये ९६ पैसे गेले, आणि प्रोग्रामने एकही एरर दाखवला नाही.

गुणाकारातही असेच होते. "१२.५" ही स्ट्रिंग २ या पूर्णांकाने गुणली तर १२.५१२.५ असा मजकूर मिळतो. दोन स्ट्रिंग एकमेकींनी गुणल्या तर टाइपएरर येतो, आणि येथे तो आलेलाच बरा.

उपाय असा की माहिती आत घेतानाच तिचे रूपांतर करावे, पुढे कधीतरी करू असे म्हणू नये (फ्लोट मजकुराची अपूर्णांक चालणारी संख्या करते, इंट पूर्णांक):

सकाळ = फ्लोट(इनपुट("सकाळचे दूध (लिटर): "))

शंका आली तर प्रिंट(टाइप(सकाळ)) लिहून व्हेरिएबलमध्ये सध्या कोणत्या प्रकारचे मूल्य आहे ते पाहता येते. नुसते प्रिंट(सकाळ) केल्याने हे कळत नाही, कारण १२.५ ही संख्या आणि "१२.५" ही स्ट्रिंग स्क्रीनवर सारखीच दिसते.

इंट कधी वापरावे आणि फ्लोट कधी?

जे मोजताना तुकडा होऊ शकत नाही तेथे इंट, म्हणजे जनावरांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या. जे मापून घेतले जाते तेथे फ्लोट, म्हणजे लिटर, किलो, फॅटचे प्रमाण. युजरने १२.५ लिहिले आणि त्यावर थेट इंट लावले तर व्हॅल्यूएरर (दिलेले मूल्य चालत नाही, असा एरर) येतो. आधी फ्लोट आणि मग इंट केले तर १२ मिळतात, कारण इंट दशांश चिन्हापुढचा भाग छाटून टाकते, जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही.

पैशांच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा. फ्लोट संख्या आतून द्विमान पद्धतीत ठेवल्या जातात आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांकही त्या पद्धतीत नेमका बसत नाही, त्यामुळे ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे छापले जाते. हा पायथनचा दोष नाही. जावास्क्रिप्ट आणि जावातही हेच उत्तर येते. सरावाच्या प्रोग्राममध्ये छापताना दोन दशांश स्थळांपर्यंत मर्यादा घातली तरी पुरते, पण खरा हिशेब ठेवायचा असेल तर सगळी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी किंवा पायथनबरोबर येणारे डेसिमल मॉड्यूल वापरावे. राउंड हे फंक्शनही सावधपणे वापरावे: राउंड(२.५) चे उत्तर २ येते आणि राउंड(३.५) चे ४, कारण नेमक्या मधोमध असलेल्या संख्येला पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो.

१,००,००० असे स्वल्पविराम देऊन लिहिले तर काय होते?

कोडमध्ये आणि इनपुटमध्ये वेगवेगळे होते. युजरने इनपुटमध्ये १,००,००० लिहिले तर इंट ते नाकारते आणि व्हॅल्यूएरर येतो. त्यावर रिप्लेस(",", "") वापरून आधी स्वल्पविराम काढून टाकता येतात, आणि आपल्याकडे लोक रक्कम अशीच लिहितात हे लक्षात घेता तसे करणे योग्यच आहे.

कोडमध्ये रक्कम = १,००,००० लिहिले तर मात्र एरर येत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. पायथन स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या तीन संख्या पाहतो, १, ० आणि ०, आणि रक्कम या नावाला त्यांचे टपल, म्हणजे एकत्र बांधलेला गट, जोडतो. १२,०५० लिहिले तर सिंटॅक्सएरर मिळतो, कारण शून्याने सुरू होणारी ०५० ही संख्या त्याला मान्य नाही. वाचायला सोपे जावे म्हणून अंक तोडायचेच असतील तर अधोरेषा वापरावी. १_००_००० असे आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने लिहिलेलेही चालते.

युजरने मराठी अंक टाइप केले तर प्रोग्राम बिघडेल का?

नाही. इंट आणि फ्लोट ही दोन्ही फंक्शने देवनागरी अंक ओळखतात, त्यामुळे युजरने मराठी कीबोर्डवरून १२.५ लिहिले तरी फ्लोट त्याची बरोबर संख्या करते. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला हे जमत नाही. कोडमध्येच दर = ३८ हे देवनागरी अंकांत लिहिले तर मात्र सिंटॅक्सएरर येतो.

मोबाईल नंबर किंवा एसटीडी कोड इंटमध्ये घ्यावा का?

घेऊ नये. पुण्याचा एसटीडी कोड ०२० आहे. त्यावर इंट लावले की तो २० होतो आणि सुरुवातीचे शून्य कायमचे जाते. ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, तो अंकांनी बनलेला असला तरी स्ट्रिंग म्हणूनच ठेवावा. मोबाईल, आधार, पिनकोड, बँक खाते, रोल नंबर, सभासद क्रमांक, सगळे यात आले.

युजरने संख्येऐवजी 'बारा' लिहिले किंवा नुसतेच एंटर दाबले तर?

दोन्ही वेळा रूपांतर करताना व्हॅल्यूएरर येतो आणि प्रोग्राम तेथेच संपतो. तसे होऊ नये म्हणून योग्य उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारणारी रचना करावी:

```
व्हाइल ट्रू:
    ट्राय:
        सकाळ = फ्लोट(इनपुट("सकाळचे दूध (लिटर): "))
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("कृपया फक्त संख्या लिहा, उदाहरणार्थ १२.५")
        कंटिन्यू
    इफ ० < सकाळ <= २००:
        ब्रेक
    प्रिंट("लिटर ० ते २०० च्या दरम्यान हवेत.")
```

येथे दोन वेगळ्या तपासण्या आहेत. लिहिलेले संख्येत बदलता येते का, ही पहिली (ट्रायखालच्या ओळीत एरर आला की एक्सेप्टखालच्या ओळी चालतात). आणि ती संख्या या कामासाठी शक्य आहे का, ही दुसरी. अनेक जण पहिलीवर थांबतात, पण उणे १२ हीसुद्धा संख्याच आहे, आणि दशांश चिन्ह विसरले तर १२.५ चे १२५ होतात. म्हणूनच वरची मर्यादा २०० ही फार सैल आहे. प्रत्येक सभासदाच्या नेहमीच्या दुधाशी ताडून ती ठरवली तर अशी चूक जागीच सापडेल.

एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हे नाव जरूर लिहावे. ते वगळले तर कंट्रोल आणि सी दाबून प्रोग्राम थांबवण्याचा प्रयत्नही त्याच जाळ्यात अडकतो, आणि युजरला त्या चक्रातून बाहेर पडता येत नाही. इजडिजिट (मजकुरात फक्त अंकच आहेत का हे पाहणारे फंक्शन) वापरून आधीच तपासावे असे काही ठिकाणी सुचवले जाते, पण ते "१२.५" आणि "-५" या दोन्हींना नकार देते, त्यामुळे या कामाला ते उपयोगी नाही.

'हो' किंवा 'नाही' असे उत्तर कसे तपासावे?

सरळ तुलना करावी, पण आधी मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढणारे स्ट्रिप लावावे, कारण मोबाईलवरच्या कीबोर्डमुळे शब्दानंतर एक जागा सुटते आणि "हो " हे "हो" च्या बरोबरीचे मानले जात नाही. रूपांतरासाठी बूल वापरू नये: बूल("नाही") चे उत्तर ट्रू येते, कारण रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग पायथनला खरी वाटते.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. इफ उत्तर == "हो" ऑर "होय": ही ओळ बोलण्यातल्या मराठीसारखी वाचली जाते, म्हणून बरोबर वाटते; पण पायथन ऑरच्या उजवीकडील "होय" स्वतंत्रपणे तपासतो, तो रिकामा नसल्याने खरा ठरवतो, आणि युजरने 'नाही' लिहिले तरी अट पूर्ण होते. त्याऐवजी इफ उत्तर इन ("हो", "होय"): असे लिहावे.

'पुणे' या शब्दाची लांबी ४ का येते?

लेन हे फंक्शन युनिकोडमधील चिन्हे मोजते, आणि त्यात प, उकार, ण आणि मात्रा ही चार वेगळी चिन्हे आहेत. 'क्षमा' ची लांबी त्याच हिशेबाने ५ येते. नाव किमान तीन अक्षरी असावे अशी अट मराठी नावांसाठी लेन वापरून घालू नये.

एकाच ओळीत दोन संख्या कशा घ्याव्यात?

सकाळ, संध्याकाळ = मॅप(फ्लोट, इनपुट().स्प्लिट())

स्प्लिट मोकळ्या जागेवर मजकूर तोडते आणि मॅप प्रत्येक तुकड्याला फ्लोट लावते. युजरने दोनऐवजी एक किंवा तीन संख्या लिहिल्या तर व्हॅल्यूएरर येतो. सराव परीक्षांमध्ये ही ओळ फार लागते. सामान्य माणसासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये दोन वेगळे प्रश्न विचारलेले अधिक चांगले.

जुन्या पुस्तकात रॉ_इनपुट किंवा इव्हॅल(इनपुट()) लिहिले आहे. ते वापरावे का?

दोन्ही वापरू नये. पायथन २ मध्ये मजकूर घेण्यासाठी रॉ_इनपुट होते, आणि इनपुट हे फंक्शन युजरने लिहिलेले थेट कोड म्हणून चालवत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० मध्ये रॉ_इनपुटलाच इनपुट हे नाव दिले गेले आणि जुने इनपुट काढून टाकले. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. इव्हॅल(इनपुट()) लिहिल्याने संख्या आपोआप ओळखली जाते, म्हणून ते सोयीचे वाटते, पण त्याचा अर्थ समोरच्या कोणालाही आपल्या संगणकावर हवा तो कोड चालवू देणे असा होतो.

सी किंवा जावात हेच वेगळे का दिसते?

त्या भाषांत व्हेरिएबलचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. सीमध्ये स्कॅनएफला तो प्रकार पुन्हा सांगावा लागतो आणि पूर्णांक घेताना नावाआधी अँपरसँड द्यावे लागते, जे विसरल्यास प्रोग्राम कोसळू शकतो. जावात नेक्स्टइंटनंतर लगेच नेक्स्टलाइन वापरले तर नाव विचारण्याआधीच रिकामी ओळ मिळते, कारण संख्येनंतर दाबलेले एंटर मागे शिल्लक राहिलेले असते.

घरी चालणारा प्रोग्राम ऑनलाइन कंपायलरवर ईओएफएरर का देतो?

अशा अनेक ठिकाणी प्रोग्राम चालू असताना टाइप करता येत नाही. सगळी उत्तरे रन करण्याआधी इनपुटच्या चौकटीत, एका ओळीवर एक अशी लिहून ठेवावी लागतात. चौकट रिकामी असेल किंवा ओळी कमी पडल्या, तर इनपुटला वाचायला काहीच उरत नाही आणि हा एरर येतो. प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळांवर आणखी एक गोष्ट पाळावी: इनपुटच्या कंसात प्रश्न लिहू नये. "सकाळचे दूध (लिटर): " हा मजकूरही तेथे प्रोग्रामचे उत्तर म्हणून धरला जातो, आणि हिशेब बरोबर असूनही निकाल चुकीचा दाखवला जातो.